ज्या सुगीत मी इथं नव्हतो

बेळगावजवळच्या मच्छ्यात, माझ्या गावी, बसमधून उतरलं की हल्ली दोन वास एकदम येतात. एक रस्त्यापलीकडच्या कारखान्यांतल्या तापल्या लोखंडाचा, दुसरा कापलेल्या भाताचा. माझ्या लहानपणी दुसराच तेवढा यायचा. आता पत्र्याच्या शेडांच्या मध्ये जेवढी शेतं उरलीत तेवढ्यांतूनच तो येतो, पण येतो. यंदा परतीच्या पावसानं सुगी पंधरा दिवस लांबवली. कापून टाकलेलं भात दोनदा भिजलं, लोकांनी उलटंपालटं करून वाळवलं, आणि आता सगळ्या गावाला एकाच वेळी घाई झालीय. अंगणात उभं राहिलं तर मळणीच्या यंत्रांचा आवाज चारी बाजूंनी येतो. भाताची बारीक कुसं मानेला चिकटतात आणि घरी जाऊन आंघोळ केली तरी खाज जात नाही.

मी बेळगावात राहतो. तेहतीस वर्षं एका हायस्कुलात मराठी शिकवलं आणि निवृत्त झालो. शेती थोरल्या भावानं, अण्णानं केली. नोकरी लागल्यापासून माझा विळा फोटोपुरता उरला. तरी सुगीला गावी गेलो नाही असं कधी झालं नाही. बांधावर बसून खर्डा-भाकरी खायची, चार पेंढ्या इकडच्या तिकडं करायच्या आणि संध्याकाळच्या बसनं शहरात परतायचं, एवढा माझा वाटा. चौसष्ट वर्षांत एकच सुगी चुकली, गेल्या वर्षीची. ती मी जर्मनीत काढली, मुलाकडं, विनायककडं. मी आणि माझी बायको सुमन, सहा आठवडे.

त्या प्रवासाबद्दल मला इतक्या जणांनी विचारलंय, की माझं सांगणं आता पाठ झालंय. थंडी कशी असते, रविवारी दुकानं कशी बंद असतात, बस घड्याळ लावून कशी येते. मग कचऱ्याचे चार वेगळे डबे. त्या डब्यांपाशी लोक हमखास हसतात, तिथं मी थोडा थांबतो. वर्गावरची सवय. पण या सगळ्यात एक गोष्ट मी दरवेळी गाळतो. यंदाची सुगी बघताना ती सारखी वर येतेय, म्हणून लिहायला बसलोय.

विनायक तिथं वृद्धाश्रमात काम करतो. वृद्धाश्रम हा आपला शब्द झाला. तिथं अंथरुणाला खिळलेली, स्वतःचं नाव विसरलेली म्हातारी माणसं राहतात. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं, औषधं द्यायची आणि शेवटच्या घटकेला शेजारी कुणी नसेल तर आपण बसायचं, असं ते काम. इथं नर्सिंगची पदवी घेऊन, तिथली भाषा शिकून, परीक्षा देऊन तो गेला. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

गल्लीत मात्र मी सांगितलं, "हॉस्पिटलात असतो." हे काही अगदी खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. कुणीतरी विचारलं, डॉक्टर काय? मी म्हटलं, "छे, छे. व्यवस्थापनाकडं." शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांपुढं त्याचं हॉस्पिटल मॅनेजमेंट झालं. पुढं त्याच्या लग्नाचं बघायला लागलो, तेव्हा बायोडेटावर मी माझ्या हातानं लिहिलं: हेल्थकेअर मॅनेजमेंट, जर्मनी. छापून आल्यावर स्पेलिंग दोनदा तपासलं. मुलांच्या निबंधातलं खोटं मला दुसऱ्या वाक्याला कळायचं. माझं स्वतःचं मी शुद्धलेखनासह नीट केलं.

कारण साधं होतं आणि ते सांगायला आज लाज वाटते. आमच्यात बाप्या माणूस परक्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला सातासमुद्रापार जातो, हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर निघेना. ज्या पोराला मी, मराठी शाळेतल्या मास्तरानं, बेळगावच्या कॅम्प भागातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, त्यानं निदान खुर्चीवर तरी बसावं, अशी माझी अपेक्षा होती.

विनायकचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, खाली चेस्टनटचं झाड. आम्ही गेलो तेव्हा त्याची फळं फुटपाथवर पडून फुटत होती आणि सुमन ती उगीचच गोळा करून खिडकीत मांडायची. खाण्याजोगी नाहीत असं विनायकनं सांगितलं, तरी गोळा करायची. म्हणायची, "सुगीचे दिवस आहेत. हात रिकामे ठेववत न्हाईत." मी खिडकीत बसून खालची माणसं बघायचो. रोज अण्णाला फोन लावायचो, कुठलं शेत कापलं, मजूर मिळाले काय, विचारायचो. इकडचं भात आणि तिकडची गळणारी पानं, दोन्ही बघत मी कुठंच नव्हतो.

विनायक पहाटे जायचा, दुपारी तीनला यायचा. आला की आधी कामाचा निळा अंगरखा धुवायला टाकायचा. मग कमरेचा रुंद पट्टा काढायचा. माणसं उचलून उचलून त्याची पाठ धरली होती, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. सारखे हात धुऊन त्याच्या बोटांची टोकं फाटली होती. भात कापणाऱ्यांची फाटतात तशीच. सुमन त्याला पुढ्यात बसवून बोटांना खोबरेल चोळायची आणि तो तिला दिवसभरातलं सांगायचा. आज अमक्या आजींनी तीन दिवसांनी दोन घास खाल्ले. आज तमके आजोबा बायकोचं नाव घेऊन रडले आणि मग विसरले. सुमन "मग?" असं विचारत राहायची, जणू ती माणसं आमच्याच गल्लीत राहतात. मी मोबाईलवर बेळगावच्या बातम्या वाचत असायचो. कान तिकडंच असायचे, पण मान वर करायची नाही.

एका दुपारी आम्ही बापलेक फिरायला निघालो होतो. समोरून चाकांच्या चौकटीला धरून एक म्हातारी आली. विनायकला बघून थांबली, त्याच्या गालाला हात लावला आणि काहीतरी बोलली. मग माझा हात धरला तो सोडेचना. तिचे हात थंड होते. मी शेजारच्या दुकानाच्या काचेत ठेवलेले बूट बघत राहिलो.

ती गेल्यावर मी विचारलं, "कोण होती?"

"त्यांचे मिस्टर आमच्याकडं होते. उन्हाळ्यात वारले."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई, बाबा. चांगलंच बोलल्या."

मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

दिवाळीत त्या गावातल्या मराठी मंडळींनी एका शाळेचा हॉल घेऊन फराळ ठेवला होता. प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं. सुमननं चकल्या केल्या होत्या. पन्नासेक माणसं असतील. पुण्याची, नागपूरची. त्यांत एक गृहस्थ माझं बोलणं ऐकून लांबून उठून आले.

"तुमी बेळगावकडचं काय? मी निपाणीचा. मगदूम. भाऊ तंबाखूची शेती बघतोय अजून, मी हिकडं कंप्युटरमधी." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "घरात आईसंगं कन्नड, बाहेर मराठी, हापिसात ह्यांची भाषा. रातच्याला स्वप्न कुठल्या भाषेत पडतंय तेच कळंना झालंय बघा, सर."

फार बरं वाटलं. महिन्याभरानं आमच्याकडचं बोलणं कानावर पडत होतं. आम्ही निपाणीच्या बाजाराबद्दल बोललो, घाटातल्या रस्त्याबद्दल बोललो. मग त्यांनी विचारायचं ते विचारलं.

"मुलगा काय करतोय तुमचा?"

विनायक माझ्या उजव्या हाताला चकल्यांची थाळी घेऊन उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"हॉस्पिटल मॅनेजमेंटला आहे," मी म्हणालो.

"व्हय? कुठल्या हॉस्पिटलात?" मगदूमांनी विनायकलाच विचारलं.

मी चहाच्या कपात बघत होतो. मग त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच, मऊ.

"इथंच आहे, जवळ. हापिसचंच काम असतंय."

"बरं हाय की," मगदूम म्हणाले. "न्हाईतर आपली लई पोरं हिकडं येऊन म्हाताऱ्यांची सेवा कराय लागल्यात म्हणं. लई कष्टाचं काम. आईबापास्नी कसं वाटत असंल."

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. कणवेनंच बोलले ते. आणि मी मान डोलावली. म्हणालो, "हो, ऐकलंय मीपण."

विनायकनं थाळी माझ्यापुढं धरली. "चकली घ्या, बाबा." मी घेतली. तो पुढच्या माणसाकडं गेला.

परत येताना बसमध्ये तो आईला कुठल्या थांब्यावर कुठली बस बदलायची ते समजावून सांगत होता. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर सुमननं माझ्यापुढं चहा ठेवला. ती बसली नाही. उभी राहून म्हणाली, "तुम्ही खोटं सांगतासा ते मला ठाऊक होतं. लोकांपुढं बाप माणसाला वाटत असंल कायतरी, म्हणून मी गप्प बसले. पण काल तुम्ही त्याच्याकडनं खोटं बोलून घेतलासा." आणि आत जाऊन तिनं नळ सोडला.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतकं स्वच्छ ती मला कधी बोलली नव्हती.

त्याच आठवड्यात तिनं विनायकला सांगितलं, "मला तुझी माणसं बघायची आहेत." रविवारी दुपारी तिथं नातेवाइकांना कॉफीला येता येतं. मला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मोठा हॉल, मोठ्या खिडक्या. वाटेत प्रत्येक खोलीच्या दारावर आतल्या माणसाचा तरुणपणचा फोटो. घोड्यावर बसलेला, लग्नाच्या पोशाखातली, पाव भाजणारा. हॉलमध्ये साबणाचा, उकडलेल्या बटाट्यांचा वास होता आणि त्याच्या खाली आणखी एक. तो मला दारातच ओळखू आला. खिशातला रुमाल काढला, आणि सुमननं बघितलं म्हणून परत ठेवला.

निळ्या अंगरख्यातला विनायक मी पहिल्यांदा बघत होतो. घरात तो सावकाश चालतो. इथं त्याची चाल भरभर होती, आवाज भरदार होता. खिडकीशी चाकांच्या खुर्चीत एक उंच म्हातारे बसले होते. पूर्वी रेल्वेत सिग्नल सांभाळायचे, असं विनायकनं आम्हाला सांगितलं. त्यांची उजवी बाजू गेली होती. विनायक त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला, डोळ्याला डोळा आणला, काहीतरी बोलला आणि मग कप उचलला. एक घोट. मग थांबला. घोट खाली उतरला हे गळ्याकडं बघून खात्री केली, तेव्हा दुसरा. त्याला कसलीही घाई नव्हती.

मध्येच त्यानं टेबलावरचा मोठा रुमाल उलगडून त्यांच्या मांडीवर टाकला. काहीतरी बोलला, ते हसले, आणि खिडकीबाहेरचं काही दाखवायला न्यावं तशी खुर्ची वळवून तो त्यांना घेऊन गेला. वीस मिनिटांनी दोघं परत आले. म्हाताऱ्यांची पँट वेगळी होती आणि केस ओले करून विंचरलेले होते. हॉलमध्ये तीस माणसं होती, कुणालाही काही कळलं नाही. मलाही पँटच्या रंगावरूनच कळलं.

दुसऱ्याची लाज झाकायची, आणि झाकलीय हे त्यालाही जाणवू द्यायचं नाही, हे विनायकचं काम. दिवाळीच्या हॉलमध्ये चकलीची थाळी घेऊन तो माझ्याशेजारी तेच करत होता, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी त्याच्या दृष्टीनं आणखी एक म्हातारा होतो, ज्याच्या हातून काहीतरी झालं होतं.

त्यानं आमची ओळख करून दिली. ते म्हातारे सुमनकडं बघून बरंच बोलले.

"काय म्हणायलेत?" सुमननं विचारलं.

"आजोबांचं तू कसं करायचीस ते मी त्यांना सांगितलंय," विनायक म्हणाला. "तुझ्याकडनंच शिकलो म्हणून सांगितलं होतं. म्हणून तुला थँक्यू म्हणतायत."

म्हाताऱ्यांनी डाव्या हातात सुमनचा हात धरून ठेवला. माझ्याकडं बघून मान लववली, पाहुण्याकडं बघून लववतात तशी. मी सुमनची शाल आणि पर्स धरून उभा होतो.

आजोबा म्हणजे माझे वडील, आप्पा. मच्छ्यात शेतात असताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. कॅम्पातले डॉक्टर जवळ पडतात म्हणून मी त्यांना शहरातल्या आमच्या घरी आणलं. पावणेदोन वर्षं ते आमच्या मधल्या खोलीत होते. विनायक तेव्हा पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला. सुमन आणि तो, दोघांनी मिळून सगळं केलं. कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, चादर ओढून घेणं. मी औषधं आणायचो. संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचो, उंबऱ्यावर उभा राहून. आत गेलो तरी खाटेपर्यंत जायचो नाही. बाहेरून विचारायचो, "झालं काय?" झालं म्हटलं की आत डोकावायचो.

एका शनिवारी दुपारी सुमन बाजारात गेली होती, विनायक कॉलेजात. मी परसात होतो. आतून आप्पांची हाक आली, "दिगू."

घरात मला त्या नावानं हाक मारणारे ते आणि अण्णा, दोघंच.

"दिगू, आरं ये की रं."

आवाजावरून मला कळलं, कशासाठी बोलावतायत. मी नळ सोडला. बादली भरली, वाहायला लागली. मी स्कूटर धुवायला घेतली. ती सकाळीच धुतलेली होती. आणखी दोनदा हाक आली, मग थांबली. पाऊण तासानं सुमन आली, पिशवी ठेवली, आत गेली आणि तिचा पदर खोचल्याचा, बादली उचलल्याचा आवाज आला. मी चाकाच्या तारा एकेक करून पुसत होतो.

आप्पांनी तिला काही सांगितलं नाही. मला काही विचारलं नाही. संध्याकाळी मी उंबऱ्यावरून पेपर वाचायला लागलो तर म्हणाले, "जरा मोठ्यानं वाच रं. ऐकाय येत न्हाई." मी आवाज चढवला. जवळ गेलो नाही.

ते गेले. बाराव्याला गाव लोटला. पाहुण्यांनी, भावकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आप्पाचं लई केलंस रं. असा ल्योक मिळाय नशीब लागतंय." मी खाली मान घालून उभा राहिलो, नम्र माणसं राहतात तसा. विनायक पंगतीत पाणी वाढत होता. त्यानं ते ऐकलं आणि पुढच्या पानाकडं गेला. त्यानंतर काही महिन्यांनी तो म्हणाला, नर्सिंगला जातो. मी म्हटलं, "त्यापेक्षा गावी जाऊन नांगर धर." तो अख्खा पावसाळा मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला दूर ढकलत होतो ते त्या कामाच्या लाजेनं, असं मला वाटायचं. खरं तर त्या पोरानं ते काम रोज माझ्या डोळ्यांसमोर करणं मला सोसवलं नसतं.

त्या शनिवारचं मी कुणाला कधी बोललो नाही. विमानतळावर निरोप घेताना विनायक आईचा मफलर नीट करत होता, तेव्हा एकदा ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "हातांना मलम लावत जा." तो म्हणाला, "लावतो."

आणि इथं येऊन मी काय केलं? तेच. थंडी, बस, कचऱ्याचे डबे. मुलगा मॅनेजमेंटला. सहा आठवडे जे बघितलं ते बघून, बायकोचं ते वाक्य ऐकून, त्या हॉलमध्ये उभा राहूनसुद्धा मी तेच सांगत राहिलो. पश्चात्ताप झाला की माणूस बदलतो असं मी मुलांना धड्यांतून शिकवत आलो. माझा अनुभव तसा नाही. लाज वाटते आणि तोंड मात्र जुनंच बोलत राहतं.

गेल्या मंगळवारी मी मच्छ्याला गेलो. अण्णा पावसाळ्यात बांधावरून घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अजून अंथरुणावरच आहे. सुमननं त्याच्यासाठी डबा दिला होता. घरात कुणी नव्हतं. वहिनी, पोरं, सुना, सगळी मळणीला. अंगणात भाताचं पिंजर, मळून उरलेला पेंढा, पसरलेलं. मी आत गेलो आणि दारातच तो वास आला.

अण्णानं तोंड भिंतीकडं केलेलं होतं. "कोण, दिगू? भाईर बस जरा. वैनी यील आता."

"कधी येणार?"

"यील एक वाजता."

साडेदहा वाजले होते. मी डबा ठेवला आणि बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. मळणीचा आवाज येत होता. दोन-तीन मिनिटं बसलो असेन. मग फोन काढला आणि विनायकला लावला. तिकडं पहाटेचे सहा. तो कामावर निघायच्या बेतात असणार.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. अण्णाकडं आलोय. घरात कोण नाही. त्याचं अंथरूण..." मी दाराकडं बघितलं. "मला सांग, कसं करायचं."

त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

"पाणी तापवा," तो म्हणाला. "हाताला सोसंल एवढंच. दोन भांड्यांत घ्या. स्वच्छ चादर, दोन जुनी धोतरं काढून ठेवा. दार लावा. फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवा. आणि बाबा, हात लावायच्या आधी काकांना सांगा. काय करणार ते प्रत्येक वेळी आधी सांगायचं."

मी आत गेलो. "अण्णा, मी पुसून घेतोय."

"तुला न्हाई जमायचं रं ते."

"विनायक सांगतोय. तसं करतो."

अण्णानं डोळे मिटले. विनायकचा आवाज खिडकीतून येत राहिला. जेवढं पुसताय तेवढंच उघडं करा. गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा, ऑपरेशन झालंय त्यांचं. कूस वळवताना तुमच्याकडं वळवा, पलीकडं नको, माणसाला पडायची भीती वाटते. पाणी गादीवर सांडलं. एकदा जोर जास्त झाला आणि अण्णा कण्हला. "सावकाश," विनायक म्हणाला, "आपल्याला घाई न्हाई." त्याला खरं तर होती, त्याची बस होती.

"कोण बोलतंय त्यो?" अण्णानं विचारलं. स्पीकरवर त्याला आवाज ओळखू आला नव्हता, किंवा वेदनेत त्यानं माझं आधीचं ऐकलं नव्हतं.

"विनायक," मी म्हणालो. फडकं भांड्यात पिळलं. मग म्हणालो, "तिकडं तो हेच करतो, अण्णा. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांचं सगळं काढतो, त्यांना आंघोळ घालतो, भरवतो. मॅनेजमेंट वगैरे काही नाही. मी खोटं सांगत होतो."

खिडकीतला फोन चालूच होता.

अण्णानं डोळे उघडले. माझ्याकडं वळवल्यामुळं त्याचा चेहरा माझ्या पोटाजवळ होता आणि त्याला दुसरीकडं बघताही येत नव्हतं.

"ठाऊक हाय की," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. जायच्या आदल्या दिशी हितं बसून सांगून गेला. सगळ्या गावाला ठाऊक हाय, दिगू. तुला बरं वाटतंय म्हणून आमी ऐकून घेत हुतो."

माझा हात थांबला. किती वर्षं, किती जणांपुढं, कुठल्या कुठल्या कट्ट्यावर मी ते सांगितलं होतं, आणि समोरच्यानं "व्हय काय" म्हणत ऐकून घेतलं होतं, ते एकेक तोंड डोळ्यांपुढं यायला लागलं. फडक्यातलं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

"बाबा," खिडकीतून विनायक म्हणाला, "थांबू नका. पाणी गार व्हायलंय."